क्रेडिट कार्ड नाही, तरी क्रूझला जायचंय

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून :

"आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. २०१२ पर्यंत आमचे दोन ट्रक खनिजावर होते. खाणी बंद पडल्या तेव्हा एका ट्रकचं कर्ज डोक्यावर होतं. ते फेडता फेडता माझं सोनं गेलं. तेव्हापासून ‘ह्या घरात कर्ज नको आणि कार्डही नको’ असा ह्यांचा नियम आहे. येत्या फेब्रुवारीत आमच्या लग्नाला २५ वर्षं होतील. मुरगावहून सुटणाऱ्या क्रूझवर तीन रात्री जावं, सासूबाई आणि मुलगी धरून चौघांनी, अशी माझी फार इच्छा आहे. एजंटने सगळं मिळून १,२०,००० रुपये सांगितले. सोसायटीतली आरडी आणि भिशी मिळून माझ्याकडे ७०,००० आहेत. एजंट म्हणतो, क्रेडिट कार्डाशिवाय जहाजावर चढताच येत नाही, तेव्हा कार्ड काढा, उरलेल्या ५०,००० चे ‘नो कॉस्ट’ हप्ते करून देतो. दीर म्हणतात, आजच्या काळात कार्ड नसणं हा मागासलेपणा आहे. मुलीला तर पुढच्या वर्षी सिंगापूरची क्रूझ हवी आहे. ह्यांच्याकडे विषय काढायचं धाडस होत नाही. काय करू?"

ताई,

तुमची अर्धी धास्ती एजंटच्या एका वाक्यातून आली आहे, म्हणून आधी तेच बघू. क्रेडिट कार्डाशिवाय जहाजावर चढता येत नाही, हे खरं नाही. चढायला तिकीट लागतं आणि प्रत्येकाचं मूळ सरकारी ओळखपत्र लागतं. त्याशिवाय जहाजाला एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे आत गेल्यावर तुम्ही जो खर्च कराल त्याची हमी. ही हमी क्रेडिट कार्डाने देता येते, तशी डेबिट कार्डानेही देता येते आणि बऱ्याच कंपन्यांकडे चढताना रोख अनामत ठेवूनही देता येते. एजंटला कार्डाची घाई का आहे, हे त्याचं तो जाणे. तुम्ही थेट कंपनीला ईमेल करा आणि लेखी विचारा : रोख अनामत चालते का, माणशी किती, उरलेले पैसे कधी आणि कसे परत मिळतात, डेबिट कार्ड चालतं का आणि त्यावर किती रक्कम अडकवून ठेवता. फोनवर मिळालेलं उत्तर धरू नका. ईमेलचं उत्तर छापून बॅगेत ठेवा. मुरगाव बंदरावर चेक-इनच्या रांगेत कोणी हुज्जत घातली, तर तो कागद कामाला येईल.

आता जहाजावरचा व्यवहार कसा चालतो ते नीट समजून घ्या, कारण सहलीतला खरा धोका तिथे आहे. तिकिटात नाही. तिकिटाची रक्कम आधी ठरते आणि आधीच भरली जाते. आत मात्र रोखीचा व्यवहार जवळजवळ नसतो. चढताना प्रत्येकाला एक कार्ड देतात. खोलीची किल्ली तेच, ओळखपत्र तेच आणि पैशांचं पाकीटही तेच. शीतपेय घेतलं, कार्ड दाखवलं. फोटोग्राफरने जिन्यावर चौघांचा फोटो काढला, तुम्ही त्याची प्रत घेतली, कार्ड दाखवलं. मसाज, इंटरनेट, वेगळ्या रेस्टॉरंटमधलं जेवण, खोलीतल्या फ्रीजमधली बाटली, कॅसिनो, बेटावरची सहल, सगळं त्याच कार्डावर. प्रत्येक वेळी रक्कम तुमच्या खोलीच्या खात्यात चढते आणि शेवटच्या रात्री एकत्र बिल येतं. हातातून नोट जात नाही, म्हणून खर्च जाणवत नाही. ज्याने चढताना क्रेडिट कार्ड दिलेलं असतं, त्याच्या खर्चाला मर्यादा त्या कार्डाचीच, म्हणजे लाख-दोन लाख. ज्याने १५,००० रोख ठेवलेले असतात, त्याचं खातं १५,००० ला थांबतं. मग रिसेप्शनवर जाऊन आणखी पैसे भरायचे की नाही, ह्याचा विचार करावाच लागतो. तुमच्या घरासाठी रोख अनामतीची ही अडवणूक मला सोयीची वाटते. सहलीत हौस करा, जरूर करा, पण तिचा आकडा घरी, चौघांनी बसून ठरवा.

मुलीच्या कार्डावर खर्च बंद ठेवायचा असेल तर चढतानाच तसं सांगता येतं का, तेही विचारून घ्या. बऱ्याच जहाजांवर सांगता येतं.

डेबिट कार्ड देणार असाल तर एक बारकावा लक्षात ठेवा. समजा जहाजाने सुरुवातीला तुमच्या खात्यातले १०,००० अडकवून ठेवले आणि शेवटी तुमचं बिल ६,२०० झालं. बिलाचे ६,२०० वेगळे वळते होतात आणि अडकवलेले १०,००० मोकळे व्हायला कधी कधी बरेच दिवस लागतात. म्हणजे तेवढे दिवस खात्यात १६,२०० कमी दिसतात. पैसे बुडत नाहीत, पण त्याच खात्यातून गॅस, वीजबिल आणि मुलीची फी जात असेल तर घरी परतल्यावर पंचाईत होते. म्हणून घरखर्चाचं खातं ह्या सहलीला लावू नका. राष्ट्रीयीकृत किंवा चांगल्या नागरी बँकेत सहलीपुरतं वेगळं बचत खातं उघडा, त्याचं डेबिट कार्ड घ्या आणि सगळे पैसे तिथे जमवा. कार्ड नवं असलं की परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार त्यावर बंद असतात. रिझर्व्ह बँकेचा २०२० पासूनचा नियमच तसा आहे. ऑनलाइन व्यवहार तुम्हाला चालू करावे लागतील, आणि जहाजावरचं यंत्र व्यवहार परदेशी म्हणून नोंदवतं का, हे कंपनीला विचारून मग दुसरं बटण चालू करायचं की नाही ते ठरवा. दिवसाची खर्चमर्यादाही बघून घ्या, नाहीतर तिकिटाची मोठी रक्कम भरतानाच व्यवहार अडकेल.

सोसायटीतली आरडी पूर्ण झाली की ती रक्कमही ह्याच खात्यात आणा. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, ५ लाखांपर्यंत विमा असतो. क्रेडिट सोसायटीतल्या ठेवीला तो नसतो. हे सहलीपुरतं सांगत नाही, एरवीसाठीही ध्यानात ठेवा.

दीरांच्या बोलण्याने तुम्ही खट्टू झालात, हे पत्रात दिसतं. ताई, तुमच्या यजमानांचा नियम मागासलेला नाही. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे ह्या भागांत सप्टेंबर २०१२ मध्ये काय झालं, ते ज्यांनी भोगलं त्यांना ठाऊक आहे. ट्रक दारात उभे राहिले, बार्जी नदीत उभ्या राहिल्या, आणि हप्त्याची तारीख मात्र दर महिन्याला येत राहिली. मधे खाणी सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. पुढच्या महिन्याची मिळकत पक्की आहे असं धरून काढलेलं कर्ज माणसाला कुठे नेतं, हे तुमच्या घराने सोनं मोडून शिकलेलं आहे. त्या माणसाने कार्डाला नाही म्हणावं ह्यात मला शहाणपण दिसतं. कार्ड वाईटच असतं असं माझं म्हणणं नाही. दर महिन्याला पूर्ण बिल भरणाऱ्याला ते सोयीचं असतं. पण तुम्हाला ते उरलेले ५०,००० उभे करण्यासाठी घ्यायला सांगताहेत. म्हणजे पहिल्याच दिवशी कर्ज.

त्या कर्जाचा हिशेब मांडून दाखवते. क्रेडिट कार्डाची थकबाकी ठेवली तर महिन्याला साधारण साडेतीन टक्के व्याज लागतं. ५०,००० रुपये वर्षभरात समान रकमेने फेडायचे म्हटले तर महिन्याला सुमारे ५,१७५ भरावे लागतील आणि व्याजच १२,००० च्या वर जाईल. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २,००० हून जास्त. थकबाकी असताना त्या कार्डावर नवीन काही घेतलं तर त्यालाही व्याज पहिल्या दिवसापासून. बँकेकडून रीतसर हप्ते करून घेतले तर दर कमी असतो. वर्षाला १६ टक्के धरले तर सुमारे ४,४०० व्याज, त्यावर जीएसटी आणि वर प्रक्रिया शुल्क. आणि ‘नो कॉस्ट’? शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याज कोणीतरी भरतंच. बहुतेक वेळा रोख भरणाऱ्याला मिळाली असती ती सूट तुम्हाला मिळत नाही, आणि तेच व्याज असतं. एजंटला एवढंच विचारा : सगळे पैसे आधी भरले तर भाव किती? दोन्ही भाव त्याच्याकडून लिहून घ्या.

तुम्हाला कर्जाची गरज नाही, कारण तुमच्याकडे वेळ आहे. जून ते जानेवारी हे आठ महिने धरले तर उरलेल्या ५०,००० साठी महिन्याला ६,२५० बाजूला पडायला हवेत. कार्डाचा हप्ता भरणं तुम्हाला जमलं असतं असं एजंट गृहीत धरतोच आहे, मग तेवढीच रक्कम आधी साठवायला हरकत काय? मधे चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी येते, दिवाळी येते. चवथीच्या महिन्यात गणपतीवरच्या फळाफुलांच्या माटोळीपासून पाहुण्यांपर्यंत हात सैल सुटतो, तो आवरू नका. त्या महिन्यात कमी टाका आणि जुलै-ऑगस्टपासूनच थोडं जास्त टाकत चला. जमलं नाही तर सहल मार्च-एप्रिलपर्यंत पुढे ढकला. मे उलटला की पावसाळी समुद्र, तेव्हा त्याआधी. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस दोन महिने उशिरा साजरा झाला तरी तो पंचविसावाच राहतो.

१,२०,००० हा आकडा मात्र मी जसाच्या तसा मान्य करणार नाही. एजंटकडून फोड मागा : मूळ भाडं किती, बंदर शुल्क किती, जीएसटी किती, कर्मचाऱ्यांची बक्षिसी धरली आहे की जहाजावर वेगळी द्यायची, खोली कोणत्या प्रकारची. गच्चीची खोली सगळ्यांत महाग, खिडकीची त्याहून स्वस्त, आतली बिनखिडकीची सगळ्यांत स्वस्त. तुम्ही दिवसभर डेकवर असणार, खोलीत फक्त झोपायला जाणार. जेवणखाण, करमणुकीचे कार्यक्रम, पोहण्याचा तलाव सगळ्यांना सारखाच. पैसे कमी करायचे तर आधी खोलीत कमी करा. पण चौघांना एकच खोली देत असतील तर त्यातल्या दोन खाटा वर, शिडीच्या असू शकतात. सासूबाईंना खालची खाट आणि लिफ्टजवळची खोली हवी, हे बुकिंगच्या वेळीच लिहून द्या. वाटेत लक्षद्वीपचं बेट असेल तर आणखी एक गोष्ट विचारा. मोठं जहाज बेटाला लागत नाही, लहान होडीत उतरवून नेतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हलत्या होडीत पाय टाकणं अवघड असतं. आणि वारा असला तर बेटावर नेणं रद्दही होतं. सासूबाई जहाजावरच थांबणार असतील तर त्यांच्या सहलीचे पैसे आधी भरू नका.

जहाज सुटतं मुरगावहून, पण तुम्हाला उतरवतं कुठे? काही सफरी मुंबईला संपतात. तसं असेल तर चौघांचं परतीचं भाडंही हिशेबात धरा. कोकण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. उतरायच्या वेळेनंतर चार-पाच तासांनी सुटणारी गाडी बघा आणि थिवीपर्यंतचं तिकीट काढा.

पैसे भरताना ते एजंटच्या स्वतःच्या खात्यात किंवा त्याच्या मोबाइल नंबरवर भरू नका. कंपनीच्या संकेतस्थळावर डेबिट कार्डाने भरा, नाहीतर कंपनीच्या नावाने धनादेश किंवा एनईएफटी करा. डेबिट कार्डाचा एक फायदा लोकांना माहीत नसतो : पैसे घेऊन सेवाच दिली नाही, तर बँकेमार्फत त्या रकमेवर तक्रार उभी करता येते. हे फक्त क्रेडिट कार्डालाच असतं असं नाही. बुकिंग क्रमांक मिळाला की कंपनीला फोन करून चौघांची नावं वाचून घ्या. आणि रद्द करण्याचे नियम पैसे भरायच्या आधी वाचा. तारीख जवळ येते तशी परत मिळणारी रक्कम घटत जाते. आधी थोडी आगाऊ रक्कम आणि बाकीची नंतर, अशी सोय असेल तर तीच घ्या. बिनव्याजी हप्ता खऱ्या अर्थाने तोच.

यूपीआयवर विसंबू नका. किनारा दिसतोय तोवर रेंज असते, मग जाते, आणि रेंज गेली की यूपीआयही गेलं. जहाजावरच्या नेटवर्कला मोबाइल आपोआप जोडला गेला तर बिल भरमसाट येतं, म्हणून चढल्याबरोबर चौघांचे फोन फ्लाइट मोडवर टाका. बंदरावरचा हमाल, टॅक्सी, बेटावरचं नारळपाणी ह्यासाठी पाच-सात हजार रोख, १०० आणि ५०० च्या नोटांत, दोघींच्या पर्समध्ये वाटून ठेवा.

आजारपणासाठी वेगळी तजवीज हवी. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल खोलीच्या खात्यात चढतं आणि ते कमी नसतं. सासूबाईंची औषधं दुप्पट दिवसांची न्या. देशांतर्गत प्रवासविमा काढा आणि वयाची अट, जुन्या आजारांची अट वाचून घ्या. शिवाय सहलीच्या खात्यात २०,००० असे ठेवा की ते हौसेला हात लावायचे नाहीत. क्रेडिट कार्ड अडीअडचणीला लागतं, हे दीरांचं म्हणणं एवढ्यापुरतं बरोबर आहे, आणि त्याला उत्तर हे २०,०००. आजच जमत नसतील तर खोली आणखी स्वस्त घ्या, पण हे ठेवाच.

सिंगापूरचं थोडक्यात सांगते. परदेशी जहाजांवर बक्षिसी माणशी, दिवसाला १५ ते २० डॉलरच्या आसपास आपोआप लागते. चौघांच्या तीन रात्रींचे १८० ते २४० डॉलर नुसते तेवढ्यातच. रोख डॉलर एका प्रवासाला माणशी ३,००० पर्यंत नेता येतात, बाकीचे फॉरेक्स कार्डावर, म्हणजे परदेशी चलन आधी भरून ठेवलेल्या प्रीपेड कार्डावर. पण फॉरेक्स कार्डावरही रक्कम अडकवून ठेवण्याचा तोच प्रकार होतो आणि काही जहाजं प्रीपेड कार्ड अनामतीला घेतच नाहीत. तेव्हा तिथेही रोख अनामतीचाच प्रश्न आधी विचारायचा. पण ह्या वर्षी मुरगाव. मुलगी कमावती झाली आणि स्वतःच्या पगारावर तिने कार्ड घेतलं तर तो तिचा निर्णय राहील. तुमच्या ५०,००० शी त्याचा संबंध नको.

अजून एक करा. तुमच्या ओळखीत कोणी ना कोणी तारवटी असेलच. गोव्यात जहाजावर नोकरी केलेला माणूस शोधायला फार लांब जावं लागत नाही. सुट्टीवर घरी आलेला असेल तर त्याला चहाला बोलवा आणि जहाजावर लोकांचे पैसे नक्की कुठे जातात ते विचारा. मी इथे लिहिलं त्याहून जास्त तो सांगेल. आणि तुमचे यजमान त्याच वेळी घरी असले तर उत्तम.

त्यांच्याशी बोलायची भीती मला कळते. पण तुम्ही कर्ज मागायला जात नाही आहात. नियम मोडायचा नाहीच, नियमात बसवून सहल करायची आहे, हे पहिल्या वाक्यात सांगा. पंचवीस वर्षांत स्वतःसाठी तुम्ही फार काही मागितलेलं नसावं, असं पत्रावरून वाटतं. मागा. ७०,००० तुमचे आहेत हे सांगा, महिन्याला ६,२५० चा हिशेब कागदावर दाखवा, आणि शेवटच्या रात्री बिल तपासायचं काम त्यांच्याकडे द्या. कारण ते तपासावं लागतंच. सकाळी उतरायच्या घाईत रिसेप्शनला रांग असते. तेव्हा आदल्या रात्रीच बिल मागायचं, न घेतलेल्या वस्तू लागल्या असतील तर तिथेच काढून घ्यायच्या आणि अनामतीतले उरलेले पैसे मोजून घ्यायचे. ट्रकच्या डिझेलचा आणि खेपांचा हिशेब ठेवलेला माणूस हे काम चोख करील.

ईमेल ह्याच आठवड्यात पाठवा. रोख अनामत चालत नाही असं उत्तर आलं, तर नव्या खात्याचं डेबिट कार्ड द्या आणि त्यात ठरवलेल्या रकमेहून जास्त पैसे ठेवू नका. आजारपणाचे २०,००० मग यजमानांच्या खात्यात राहू द्या. डेबिट कार्डही नको, क्रेडिटच हवं, असं कंपनीने लेखी सांगितलं, तर त्या कंपनीकडे पैसे भरू नका आणि मला परत लिहा. दुसरी सफर शोधू.